माईच्या नावे

"यातल्या माई कोण?" सुश्रुतने विचारलं आणि 'ओसरी'चा एक जुना अंक उघडून टेबलावर ठेवला.

सहसंपादक श्यामलाबाई पंख्याकडे बघत राहिल्या. चहाचे कप मांडणारा कान्हू शिपाई ट्रे तसाच धरून उभा राहिला. शेवटी कोपऱ्यातल्या टेबलामागून विष्णु ओगले म्हणाला, "मी."

सुश्रुतबरोबर आलेली इशिता हसली. आपल्याखेरीज कुणी हसत नाही हे लक्षात आल्यावर ती हातातल्या फोनकडे पाहू लागली. समोरचा माणूस सत्तावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, शर्टाच्या खिशाला एक लाल आणि एक निळं पेन लावलेला. मुद्रितं तपासणं हे त्याचं काम. असा माणूस बावीस वर्षं जिल्ह्यातल्या बायकांची माई होता, हे पचायला तिला जरा वेळ लागणार होता.

"माझ्या आईकडे यायचा 'ओसरी'," सुश्रुत म्हणाला. "रोह्याला. अंक आला की ती आधी हेच पान काढायची."

विष्णुने मान हलवली. हे त्याला अनेकींनी, अनेकांनी सांगितलं होतं.

'ओसरी' पेणमधून साठ वर्षं निघत होता. संस्थापक नाना गेले, त्यानंतर मालकी त्यांच्या नातीकडे, ईराकडे गेली. ती बंगळूरला. पेणला येऊन मासिक चालवणं तिला जमण्यासारखं नव्हतं आणि ते बंद करणं जिवावर येत होतं. तेवढ्यात नवी मुंबईतली ही कंपनी पुढे आली. सुश्रुत आणि इशिता, दोघंही तिशीतली, मोबाइलवरची ॲप्स बनवणारी. मासिक छापत राहू, असं त्यांनी ईराला सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण त्यांना हवं होतं ते दुसरंच, हे कळायला दीड महिना गेला.

पहिल्या माई म्हणजे नानांच्या पत्नी. त्या गेल्या तेव्हा 'हितगुज' या सदरासाठी आलेली तीन पत्रं नानांनी विष्णुपुढे ठेवली आणि नवी कुणी मिळेपर्यंत महिनाभर तू बघ, असं सांगितलं. नवी कुणी मिळाली नाही, की नानांनी शोधलीच नाही, कोण जाणे. सदराचा नियम असा, की बाईचं पत्र छापायचं नाही. तिनं घेतलेलं टोपणनाव आणि माईचं उत्तर एवढंच छापायचं. जिला पत्रोत्तर हवं असेल ती स्वतःचा किंवा मैत्रिणीचा पत्ता घातलेलं पाकीट सोबत जोडायची. तिला विष्णु कोऱ्या कागदावर लिहायचा. वर मासिकाचं नाव नसे, खाली फक्त 'माई'.

विष्णुने लग्न केलं नव्हतं. बायकांच्या संसारातलं त्याला काय कळणार? पहिली कित्येक वर्षं माईची अर्धी उत्तरं त्याच्या आईची होती. ती तांदूळ निवडत बसायची आणि तो, नावगाव न सांगता, एखादीची अडचण सांगायचा. "तिला म्हणावं, भांडण जेवणानंतर काढ. उपाशी पुरुष ऐकत नाही," असं काहीतरी ती मान वर न करता सांगायची. आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून तो अंदाजाने लिहीत होता, पण बायका लिहीतच राहिल्या. आधी महिन्याला चाळीस पत्रं यायची, आता सात-आठ.

त्यामुळे पेणमध्ये वावरणं त्याला सोपं नव्हतं. बाजारात, बँकेत, एसटीत त्याला अशा बायका भेटायच्या की ज्यांचं अक्षर त्याला ठाऊक होतं. तो नजर खाली घालायचा. एका किराणा दुकानात तो जायचा बंद झाला होता, कारण तो दुकानदार घरी बायकोशी कसा वागतो ते त्याने वाचलं होतं, आणि "काय ओगले, बरं ना?" या साध्या प्रश्नाला हसून उत्तर देणं त्याच्याच्याने होईना. लोक म्हणायचे, ओगले माणूसघाणा आहे.

नव्या मालकांचा पहिला खटका श्यामलाबाईंशी उडाला. लेख दोनशे शब्दांचे करा, असं इशिताचं म्हणणं. वाचक तीस सेकंदांत निघून जातो, हे तिने आकडे दाखवून सांगितलं. श्यामलाबाई म्हणाल्या की आमचा वाचक निघून जात नाही, तो अंक रद्दीतसुद्धा देत नाही. मग फोनवरून हजेरी आली, शीर्षकं कशी द्यायची याचा तक्ता आला, आणि ज्या दिवशी श्यामलाबाईंनी दुरुस्त केलेला लेख कंपनीच्या एआय मशीनने पुन्हा 'सोपा' करून छापला गेला, त्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. जाताना विष्णुला म्हणाल्या, "तुमचा नंबर पुढचा. सांभाळा." विष्णु भांडणारा नव्हता. त्याने हजेरी लावली, मुद्रितं तपासली आणि नंबर लागायची वाट पाहिली.

तो शुक्रवारी लागला. सोमवारी नवी मुंबईहून दोन माणसं स्कॅनर घेऊन येतील, असं इशिताने सांगितलं. नानांच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं मोकळी करून द्यायची. त्या कपाटांत माईच्या नावे आलेली सगळी पत्रं होती. साल घालून बांधलेल्या बावीस फायली.

"कशाला?" विष्णुने विचारलं.

सुश्रुतने समजावून सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. माई नावाचं ॲप येणार होतं. बाईने फोनवर लिहायचं किंवा बोलायचं आणि माईने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, 'ओसरी'तल्या माईसारखंच. त्यासाठी मशीनला शिकवावं लागतं. छापलेले अंक तर त्यांनी केव्हाच मशीनमध्ये भरून घेतले होते. "पण त्यात नुसती उत्तरं आहेत, काका. प्रश्न नाहीत. प्रश्न तुमच्या कपाटात आहेत."

विष्णु म्हणाला, ती पत्रं कुणाला दाखवण्यासाठी नव्हती. इशिताने सांगितलं की माणूस ती वाचणारच नाही. मशीन नावं आपोआप काढून टाकतं. त्यावर विष्णुने जरा विचार करून विचारलं, "वडखळच्या नाक्यावर ज्याचं टायरचं दुकान आहे त्याची मी दुसरी बायको, असं एकीनं लिहिलंय. यात नाव कुठेय? काय काढणार?"

गाव काढता येतं, दुकान काढता येतं, इशिता म्हणाली.

"मग उरतं काय?"

"आम्हाला पुरेल एवढं उरतं."

सुश्रुतला हे असं बोलणं आवडलं नाही असं दिसलं. तो खुर्ची ओढून विष्णुजवळ बसला. एखादी बाई महिनाभर उत्तराची वाट बघत असते, त्या महिन्यात तिचं काय होतं, असं त्याने विचारलं. ज्या घडीला तिला बोलावंसं वाटतं त्याच घडीला कुणीतरी ऐकायला असेल तर ते वाईट आहे का? विष्णुला ठाऊक होतं, ते वाईट नव्हतं. त्याच्याकडे अशी पत्रं होती की ज्यांचं उत्तर पोचेपर्यंत उत्तराचा उपयोग संपला होता. तरी तो म्हणाला की बायकांनी माईवर विश्वास टाकून लिहिलं होतं.

"काका, त्यांनी एका बाईला लिहिलं होतं," सुश्रुत हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही बाई नव्हता. हे बावीस वर्षांत एकीला तरी सांगितलंत? आम्ही निदान सांगू तरी, की हे मशीन आहे."

पत्रं कंपनीच्या मालकीची आहेत, तसं खरेदीखतात लिहिलं आहे, हे इशिताने जाताजाता सांगितलं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास इशिता गाडी काढायला खाली गेली, तेव्हा सुश्रुत एकटाच पुन्हा वर आला. त्याने पाकिटातून घडी घातलेलं एक कात्रण काढलं. कागद पिवळा पडला होता, घडीवर चिरला होता. 'हितगुज'मधलं माईचं उत्तर होतं ते. टोपणनाव 'कुंडलिकेकाठची'.

"आई दोन वर्षांपूर्वी गेली," तो म्हणाला. "तिच्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी सापडलं. मी सात-आठ वर्षांचा असेन तेव्हाचं आहे. यात तुम्ही लिहिलंय, सहा महिने थांबा, घर सोडायचं ते पावसाळ्यानंतर ठरवा. म्हणजे ती जाणार होती. का जाणार होती, काका? तुम्हाला आठवतं?"

विष्णु म्हणाला, "इतकी पत्रं आली. नाही आठवत."

"हरकत नाही. सोमवारी सापडेलच," सुश्रुत म्हणाला आणि कात्रण जपून पाकिटात ठेवून गेला.

विष्णुला आठवत होतं. ते गेल्यावर त्याने कपाट उघडून ती फाईल काढली. शाळेच्या वहीची चार पानं, शाईपेनने लिहिलेली. आपल्याला कुणी मारत नाही, कुणी उपाशी ठेवत नाही, असं त्या बाईने सुरुवातीलाच लिहिलं होतं. नवरा कारखान्यात शिफ्टला जातो, सासू बरी आहे. पण मूल झाल्यापासून आपल्याला त्या मुलाविषयी काही वाटत नाही. सगळं करते, न्हाऊमाखू, शाळा, डबा. "त्याचा हात हातात आला की तो शेजारणीचा मुलगा वाटतो, माई. आठ वर्षं झाली. मी वाईट आहे का? मी निघून गेले तर त्याला माझ्याहून बरी कुणी मिळेल." आणि शेवटी, "हे वाचून झाल्यावर फाडून टाका."

हे पत्र त्याने त्या वेळी आईलाही सांगितलं नव्हतं. आई त्या बाईला बोल लावेल अशी त्याला भीती वाटली होती. सोबत पाकीट नव्हतं, म्हणून उत्तर छापावं लागलं. आणि छापायचं म्हटल्यावर 'थांबा' याखेरीज काय लिहिणार? माई चारचौघांत कुणाला घर सोड म्हणत नसे.

तो दुसऱ्या फायली चाळू लागला. दर तिसऱ्या-चौथ्या पत्राच्या शेवटी तेच होतं. फाडून टाका. जाळून टाका. कुणाच्या हाती लागू देऊ नका. त्याने एकही फाडलं नव्हतं. सुरुवातीला कारण होतं: तीच बाई पुन्हा लिहील तर मागचं माहीत असावं. मग सवय झाली. आणि खरं सांगायचं तर ती पत्रं जवळ असणं त्याला बरं वाटायचं. घरी त्याच्याशी बोलणारं दुसरं कोण होतं? त्यांनी सांगितलेली एकच गोष्ट त्याने केली नव्हती, हे त्या संध्याकाळी त्याला प्रथमच सरळ दिसलं.

शनिवारी सकाळी तो एसटीने रोह्याला गेला. का गेलो, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. वर्गणीदारांच्या वहीतून त्याने पत्ता घेतला होता. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं बैठं घर, दाराला कुलूप. शेजारच्या ओट्यावर बायजाबाई नावाच्या म्हातारबाई लसूण सोलत होत्या. विष्णुने 'ओसरी'तून आलोय, वर्गणीचं विचारायचं होतं, असं सांगितलं.

"ती गेली ना. दोन वरसं झाली," बायजाबाई म्हणाल्या. पोरगा मोठ्या कंपनीत आहे, मुंबैला असतो, हेही सांगितलं. मग विष्णुने न विचारताच त्या बोलत राहिल्या. पोरगा पुण्याला शिकायला होता ती चार वर्षं ती बाई दर शनिवारी एसटीत डबा द्यायची. पोराला ताप आला तर रात्रंदिवस उशाशी. "केलं सगळं. कशात कमी नाय केलं. पन हासताना म्हनशील तर मी काय जास्त बघितली नाय तिला."

विष्णु नदीपर्यंत चालत गेला. पाणी संथ होतं. पलीकडच्या काठावर कुणी कपडे धूत होतं. ती थांबली होती. सहा महिने नव्हे, जन्मभर. ते चांगलं झालं की वाईट, आणि त्यात माईच्या चार ओळींचा वाटा किती, हे सांगणारी बाई आता नव्हती. तिचा मुलगा सोमवारी ती चार पानं वाचणार होता. आठ वर्षांच्या मुलाला जे ठाऊक नव्हतं, ते तिशीतल्या माणसाला कळणार होतं, आणि त्याला सांगायला कुणी उरलं नव्हतं की नंतर तिने डबे पाठवले ते कशापोटी पाठवले.

तो परतीच्या एसटीत बसला तेव्हा काय करायचं ते ठरलं होतं. कसं, तेवढं ठरायचं होतं. बावीस फायली जाळायच्या म्हटल्या तर आख्खी आळी गोळा होईल. वडखळजवळ गाडी थांबली असताना त्याला हमरापूरचा प्रविण आठवला. प्रविण कागदाच्या लगद्याच्या गणेशमूर्ती करायचा. वर्षभर त्याला रद्दी लागायची. 'ओसरी'ची खराब छापलेली पानं तोच न्यायचा. विष्णुने त्याला फोन केला. प्रविणने फार विचारलं नाही. "उद्या टेम्पो धाडतो, विष्णुदा. कागद कोरडा हाय ना?" एवढंच म्हणाला.

कार्यालयाची किल्ली विष्णुकडेच असायची. रोज तोच उघडायचा. रविवारी सकाळी नऊला टेम्पो आला आणि दहाला तो हमरापुरात पोचला. पत्र्याच्या लांब शेडमध्ये पांढऱ्या, अजून डोळे नसलेल्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. मागच्या अंगणात सिमेंटच्या दोन टाक्या. प्रविणने एक त्याला मोकळी करून दिली आणि मदतीला एक बाई दिली.

ती ठमी होती. गागोद्याच्या बाजूच्या कातकरी वाडीतली. हंगामात इथे लगदा मळायला यायची. विष्णु तिला ओळखत होता. आठ-नऊ वर्षांपूर्वी ती आपल्या लेकीला, राणीला, हाताला धरून कार्यालयात आली होती. माईला सांगायचंय, म्हणाली, पण लिहिता येत नाही. तेव्हा विष्णुनेच तिचं पत्र लिहून घेतलं होतं. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली तेव्हा त्यानेच तिला माईचं उत्तर वाचून दाखवलं होतं.

दोघं टाकीच्या कडेला बसून फाडू लागले. एकेक पत्र चार तुकडे करून पाण्यात. शाईपेनची पत्रं पडल्या पडल्या पाण्यात निळा धूर सोडायची. बॉलपेनची अक्षरं पाण्यातसुद्धा स्पष्ट वाचता यायची, ती ठमी काठीने खाली दाबायची. विष्णुने ठरवलं होतं की वाचायचं नाही. पण अक्षर वाचावं लागत नाही, ते चेहऱ्यासारखं ओळखू येतं. बँकेतली. पोयनाडची. ती तीन बहिणींपैकी धाकटी. बारा वाजेपर्यंत त्याचे खांदे भरून आले.

"माईची ना ही?" ठमीने विचारलं.

"हो."

"माजं पन आसंल त्यात."

त्याने शोधून काढलं. त्याच्याच हस्ताक्षरातलं होतं. तिने ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत त्याच्याकडे दिलं. "वाच एकदा."

विष्णुने वाचलं. नवरा, मंगळ्या, वीटभट्टीवर गेला तो दोन पावसाळे आला नाही. निरोप नाही. त्याचा भाऊ म्हणतो माझ्या घरात राहा. मला त्याच्या घरात राहायचं नाही. पोरीला शाळेत घालायचं आहे. लोक म्हणतात माजलीस. मी माजले का?

ठमी हसली. "येवढं बोल्ले व्हय मी?" मग म्हणाली, "माई काय बोल्लेली ठाव हाय ना तुला? नको जाऊ बोल्ली. पोरीला आश्रमशाळंत घाल, तितं अमक्या बाईला भेट. राणी आता नववीला हाय."

"माहीत आहे," विष्णु म्हणाला. मग त्याने विचारलं, "ठमी, माई कोण ते तुला ठाऊक होतं?"

"पयल्याच दिशी. तू लिवताना मान डोलवत व्हतास. म्हनलं, ह्यो नुस्ता लिवनारा नाय."

"मग राग नाही आला? बाई समजून बोललीस आणि निघाला बाप्या."

ठमीने जरा विचार केला. "बाप्याला कोन सांगल आसं? माई म्हनून सांगितलं. तू बी माई म्हनूनच आयकलंस." तिने त्याच्या हातून कागद घेतला, स्वतःच फाडला आणि टाकीत टाकून वरून काठी फिरवली.

रोह्याची चार पानं विष्णुने शेवटी हातात घेतली. ती त्याने एकट्याने फाडली. चारच्या सुमारास टाकीत राखाडी-निळा चिखल झाला होता. प्रविणने हात घालून पाहिला, दोन दिवस मुरू दे, मग कुटायला घेतो म्हणाला. त्याचं पुढे काय होईल ते विष्णुने विचारलं नाही.

सोमवारी कपाटं उघडली तेव्हा विष्णु समोरच उभा होता. पत्रं मी नष्ट केली, त्याने सांगितलं, आणि ती कुठेही, कुणाकडेही उरलेली नाहीत. इशिता आधी विश्वासच ठेवीना. मग ती चिडली, आणि तिचं चिडणं गैर नव्हतं. तिच्या वर्षभराच्या कामाचं काय होणार, हे ती सांगत होती. कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान, पोलीस, नोटीस, असे शब्द आले. सुश्रुत उघड्या कपाटासमोर उभा राहिला, रिकाम्या फळीवरून त्याने एकदा हात फिरवला, आणि खाली जाऊन गाडीत बसला. दुपारी विष्णुला कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका त्याला दिसल्या. त्याने त्या दाखवल्या नाहीत. सही केली, किल्ली कान्हूच्या हातात दिली.

पोलिसांत कुणी गेलं नाही. वकिलाची नोटीस मात्र आली. विष्णु घरी बसला. सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून तो तयार व्हायचा आणि मग कुठे जायचं हे न सुचून पेणच्या रस्त्यांवरून चालायचा. एकदा तो न चुकवता त्या किराणा दुकानासमोरून गेला. कपाटं रिकामी झाली होती, पण त्याच्या डोक्यातलं काही रिकामं झालं नव्हतं. उलट आता दाखवायला कागद नसल्यामुळे सगळ्याजणी एकदमच बोलू लागल्यासारखं त्याला होई.

दीड महिन्याने, एका रविवारी दुपारी, सुश्रुत त्याच्या घरी आला. एकटाच. विष्णुने त्याला आत बसवलं, कोकम सरबत दिलं. नोटिशीचं पुढे काही होणार नाही, मी ती थांबवलीय, असं सुश्रुतने सांगितलं. मग माईचं ॲप सुरू झाल्याचं सांगितलं. छापलेल्या उत्तरांवरच केलं. हजारो बायका बोलतायत.

"चांगलं आहे," विष्णु म्हणाला.

"नाही, काका. चांगलं नाही." सुश्रुत पेल्याकडे बघत होता. "ती सगळ्यांना थांबायला सांगते. काहीही विचारा, गोड बोलते आणि शेवटी थांबा म्हणते. इशिता म्हणते, दोष मशीनचा नाही. उत्तरंच तशी आहेत."

विष्णुला ते एखाद्या फटक्यासारखं लागलं. बावीस वर्षांची त्याची उत्तरं पिळून एक शब्द निघाला होता. तो म्हणाला, "छापताना तसंच लिहावं लागायचं. पाकिटातून जी उत्तरं गेली ती वेगळी होती. कुणाला निघ म्हटलं, कुणाला कुणाचा पत्ता दिला. त्यांच्या नकला मी ठेवल्या नाहीत."

"माझ्या आईनं पाकीट पाठवलं नव्हतं."

"नाही."

"म्हणजे तिचं पत्र तुम्हाला आठवत होतं."

विष्णुने नाकारलं नाही. सरबत संपवून सुश्रुत उठला. दाराबाहेर पायरीवर बसून बूट घालता घालता त्याचे हात थांबले.

"काय लिहिलं होतं ते नाही विचारत," तो मागे न बघता म्हणाला. "फक्त एक सांगा. माझं नाव होतं का त्यात?"

विष्णु चौकटीला धरून उभा होता. सांगावं की नाही याचा त्याने विचार केला, आणि त्याच्या लक्षात आलं की हे सांगताना कुणाचाच विश्वास मोडत नाही.

"होतं," तो म्हणाला. "चार पानं होती. त्यात दुसऱ्या कुणाचंच नाव नव्हतं. तुझ्या बाबांचं नाही, आजीचं नाही. खाली स्वतःचंही घातलं नव्हतं तिनं. फक्त तुझं होतं. पूर्ण, सुश्रुत असं. प्रत्येक वेळी पूर्ण."

सुश्रुतने एका बुटाची नाडी बांधली. दुसरी हातात तशीच राहिली. विष्णु आत गेला नाही. तो पायरीवर, त्याच्यापासून हातभर अंतर सोडून, बसला.